ठोके

जनसुनावणी सातपूरला, कामगारांच्या हॉलमध्ये.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं :
आरोग्य योजनेतील सुधारणा. खर्चाचा भार कोणावर?
प्रश्नचिन्ह नंतर कुणीतरी लाल खडूनं गिरवलेलं.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत,
निळं जाकीट घडी घालून पिशवीत.
त्यावर 'आरोग्यमित्र' छापलंय
आणि आज मला कुणाचंच मित्र व्हायचं नव्हतं.

डॉक्टर बोलले, पॅकेजचा दर जुना,
भूल देणाऱ्याची फीसुद्धा त्यात निघत नाही,
चौदा महिन्यांची बिलं थकलीत,
सिस्टरांचे पगार मी कशातून करू?
खरं होतं. त्या फायली मीच चढवते.

कॉलेज रोडचे एक गृहस्थ उठले,
कर मी भरायचा, म्हणाले, आणि सगळ्यांना फुकट,
असं किती दिवस
तेवढ्यात यमुनाबाई गांगुर्डे, बसल्या जागेवरून :
"साबणावरचा कर मी बी भरते, दादा.
तुमच्यासारख्यांचीच भांडी घासते त्यानं."
हशा. गृहस्थही हसले, जरा उशिरा.

अंबडचा कंत्राटी पोरगा विचारत होता,
पगारातून दर महिन्याला कापतात,
ठेकेदार बदलला की कार्ड बंद,
मग कापलेलं जातं कुठं?
साहेबांनी लिहून घेतलं.
साहेब सगळंच लिहून घेत होते.

मागे भिंतीला टेकून दिगंबर वडनेरे, तांबट आळीतले.
मी ओळखलं. त्यांनी नाही.
काचेपलीकडचा चेहरा जाकिटाशिवाय कोण ओळखतो?
श्रावणात बायकोला घेऊन आले होते.
दोन स्टेंट. एक योजनेत बसला,
दुसऱ्यावर क्वेरी आली
आणि थांबायला वेळ नव्हता.
काका, मी म्हणाले, वरचे भरावे लागतील.
वरचे.
दिवसातून वीसदा म्हणते मी हा शब्द,
जसं काही वर कुणी बसलंय
आणि तेच भरणार आहे.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आले.
वडिलांच्या हातचं घंगाळ, मोडीच्या भावात.
वजनाचे मिळाले, म्हणाले,
ठोक्यांचे कोण देतं?
आणि आत मॉनिटरवर
त्यांच्या बायकोचे ठोके
हिरव्या रेषेत, एकसारखे.

माइक फिरत त्यांच्यापर्यंत गेला.
"ती बरी आहे," म्हणाले.
लोक वाट पाहत राहिले, तक्रारीची.
"भाकरी करते आता. तेवढं लिहा."
साहेबांचं पेन कागदावर थोडं हिंडलं
आणि पुढच्या माणसाचं नाव विचारू लागलं.

बाहेर पौषातली थंडी. नाइलाजानं जाकीट घातलं.
"अहो, तुम्ही त्या काचेतल्या!"
चहाच्या गाडीपाशी वडनेरे, चांगला कान माझ्याकडे करून.
"त्या क्वेरीचं काय झालं हो पुढं?"

गेलीय, मी म्हणाले,
गेलीय वर.