चिठ्ठी

कडोलीला यंदा टोमॅटो एकदमच लाल झाले.
मार्केट यार्डात कोण विचारीना.
मी उद्यमबागेच्या फाउंड्रीतून रिटायर,
आग राखायची, तेवढं येतं.

उकळत्या पाण्यातून काढला की
टोमॅटो आपण होऊन साल सोडतो.
संकेश्वरी मिरची तशी नव्हे,
ती आधी घरभर खोकला वाटते.

इरव्वा कुंपणावरून चमचा मागते, चाखते.
"हुळी कडिमी आग्यद."
आंबट कमी, म्हणजे टिकायचं नाही.
दोन लिंबं तीच पिळते,
बिया माझ्या हातावर ठेवते.

हॉर्लिक्सच्या बाटल्या, पातेल्याच्या तळाला फडकं,
झाकणांवर दोन बोटं पाणी.
साचा निवेपर्यंत फाउंड्रीत कोणी बोलत नसे,
तसाच बसलो.

मग एकेक झाकण टक् करून आत बसलं.
अकरा वाजली.
बारावी गप्प.

आता चिठ्ठी चिकटवायची.
इरव्वा म्हणते, रंजका.
पुण्याहून शर्वाणी फोनवर, साल्सा, बाबा, साल्सा!
मालन असती तर म्हणाली असती
नाव कशाला, खाऊन संपणारच की.
आणि लिपी कुठली?
पाटीवरच्या अक्षरांपायी डोकी फुटलेली बघितलीत मी,
टाके घालायला दवाखान्यातही नेलंय एकाला.

नुसती तारीख लिहिली.

गप्प बाटली आजच संपवायला हवी.
इरव्वा जोंधळ्याची भाकरी घेऊन आली,
उंबऱ्यातच बसली,
मीठ जास्त झालंय म्हणाली
आणि पुन्हा वाढून घेतलं.