फ्रेम बत्तीस

तळोज्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
दीड वर्ष पडून आहे.
विमान म्हणू नये. बॉडी म्हणावं.
पंख वेगळ्या ट्रेलरवरून आले, ताडपत्रीखाली आहेत.
इंजिनं आलीच नाहीत,
ती कुठेतरी दुसऱ्याच पंखाखाली फिरतायत.

मालकाला हिच्यात हायवेवर हॉटेल काढायचंय,
बावन्न गिऱ्हाइकं बसतील असा हिशोब.
मला बोलावलंय ते एवढंच विचारायला :
क्रेननं उचलली तर मोडणार नाही ना?

मी पर्समधला जुना जाड रुपया काढते
आणि नाकापासून शेपटीकडे ठोकत निघते.
टण. टण. टण.
जिथं आवाज बसतो, तिथं खडूची फुली.
एकोणीस वर्षं हेच केलं,
सकाळी सहाला उडणाऱ्याला रात्री दोनला ठोकून पाहिलं.

दिवाळ्याहून हिराजी आलाय, होड्या बांधणारा,
हिला टेकायला लाकडी घोड्या करून द्यायला.
आत सीटा नाहीत, छताचं प्लास्टिक नाही,
नुसत्या बरगड्या.
तो एकेकीवर हात ठेवत मोजत जातो.
"ह्ये त वांकच हान. पन पठाण कुठं हाय?"
पठाण नाही हिला, मी सांगते. कणाच नसतो.
सगळा भार कातडीच घेते.
तो बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, "आमचे घरान आय तशीच व्हती,"
आणि खिशात बिडी चाचपतो.
इथं नको, मी म्हणते. सवयीनं.
टाक्या तर केव्हाच कोरड्या झाल्यात.

फ्रेम बत्तीस. खिडकीखालचं पॅनल निघालेलं.
आतल्या पत्र्यावर माझं अक्षर :
८७.२०
शलाकाचे दहावीचे मार्क. दुपारपाळीत फोन आला होता,
हाताशी कागद नव्हता, कानामागे पेन्सिल होती.

शिशाची पेन्सिल ॲल्युमिनियमला लावायची नसते.
पहिल्या दिवशी शिकवतात.
किती पोरांना मीच झापलं त्यावरून.
शिसं धातूला खातं, हळूहळू, कोणाला न कळता.

आता तिथं पेन्सिल नाही.
पांढऱ्या भुकटीत कोरलेला आकडा आहे.
टिंबाच्या जागी नख अडकतं.
हे घेऊन ती किती वर्षं उडाली?
दुबईला, कोचीला, कोणाकोणाची माणसं घेऊन.

रुपया लावते.
थप.

"मॅडम, ठीक आहे ना?" खालून मालक.
मी ८७.२० वर फुली मारते, मोठी.
मग वाकून हिराजीला सांगते,
इथं एक घोडी जास्त दे.