अकरा वाजून दहा मिनिटं

सात मिनिटं उशीर झाला, म्हणून दार बंद.
दार म्हणजे तरी काय, एक जाड दोरी
आणि दोरीमागे पांढऱ्या हातमोज्यांतली मुलगी,
ओठांवर बोट ठेवून हसणारी.
आता मध्यंतरानंतर.

छप्पर आहे, भिंती नाहीत.
रंगमंचाची पाठ सताड उघडी
आणि तिथे पडद्याच्या जागी हेमेझचे डोंगर,
विटकरी, मग वांगी रंगाचे, मग नुसतीच एक कडा.
एवढं मी मान वाकडी करून पाहिलं
आणि खाली गाड्यांच्या तळावर परतले.

तिथे डेल्फिनो आर्चुलेटा,
बत्तीस उन्हाळे गाड्या लावून देणारा,
हातात लाल काचेची विजेरी.
त्याने घडीची खुर्ची झटकून पुढे केली.
"खाली बघून बस. विंचवांना तिकीट लागत नाही."

आत बसून कधी ऐकलंय?
"एकदा. गुडघे धरले.
इथून बरं येतं, वारा आपल्या बाजूचा असला की."

त्याला एकाही ऑपेराचं नाव येत नाही,
तो त्यांना घड्याळावरून ओळखतो.
ज्यात नवऱ्याला सगळे मिळून फसवतात, तो सुटतो साडेदहाला,
लोक हसत येतात, भलत्याच गाडीला किल्ली लावतात.
ज्यात बाप मुलीला ओळखत नाही, त्या रात्री
गाड्या बराच वेळ सुरूच होत नाहीत,
अंधारात माणसं नुसती स्टिअरिंग धरून.
आणि आजचा?
"आजची अकरा दहाला मरते."
थोडा थांबून, "वारा असला, तर अकरा बारा."

मग तो आवाज आला.
सगळा नाही, पिन्यॉनच्या झुडपांनी गाळून जेवढा सोडला तेवढा.
पतंगाला ढील द्यावी तसा वर गेला,
वरच राहिला,
आणि आम्ही दोघं दोरा कुठे आहे ते शोधत बसलो.

पश्चिमेला पाऊस लोंबत होता, राखाडी झालरीसारखा,
जमिनीपर्यंत न पोचणारा.
कोरडी हवाच त्याला अर्ध्या वाटेत पिऊन टाकते.
डेल्फिनोने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
मूठभर पिन्यॉनच्या बिया दिल्या, दातांनी कशा फोडायच्या ते दाखवलं.

पलीकडच्या पठारावर दिव्यांची एक ओळ.
मला वाटलं, नेपथ्य असेल.
"प्रयोगशाळा," तो म्हणाला.
"माझे वडील तिथे फरशा पुसायचे. सव्वीस वर्षं.
काय सांडलंय ते कुणी सांगायचं नाही.
बूट दाराबाहेर काढायचे ते,
आणि आई ते दोन बोटांनी उचलायची."
त्याने विजेरी विझवली. पुन्हा लावली.
मी बी फोडली. आत काही नव्हतं.

घंटा झाली. दोरी सुटली.
तो म्हणाला जा, पैसे भरलेत ना.

जागा चांगली होती, मधोमध.
पण मी काय पाहिलं असेल, तर मनगट.
अकरा पाच. अकरा आठ.
वारा सुटला होता, सारंगीवाल्यांसारखे मान वाकवून बसलेले वादक
कपड्यांच्या चिमट्यांनी पानं धरून ठेवत होते.
अकरा दहा, ती अजून उभी.
बारा, ती गुडघ्यांवर,
पांढरा झगा फुगलेला, विझायला तयार नसलेला.
अकरा चौदाला ती पडली,
आणि इतका वेळ तिच्या पाठीने झाकलेले
पठारावरचे ते दिवे
एकेक करून दिसू लागले.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.
मीही उठले. हात खिशात, बियांवर.

खाली लाल विजेरी गाड्यांना वाट दाखवत होती.
"चौदा!" मी ओरडले. "अकरा चौदा!"
डेल्फिनोने कानाला हात लावला, मान हलवली.
वारा आता त्याच्या बाजूचा नव्हता.