सातशे पावलं

मुनीराने रात्री वहीचं पान पाठवलंय.
अ हा (दोन, तीन). ब हा (पाच, सात).
अब्बू, मधलं अंतर काढून द्या, सकाळी सर तपासतात.

दुक्मच्या कॅम्पात मी बंकवर पालथा.
दिवसभर हेच केलेलं: तिपाईवर यंत्र,
भिंगाच्या टोकाला दांडा धरून नवाज खान,
झळांमध्ये गुडघ्याखाली नाहीसा.

लिहून घे. आधी वजाबाकी.
कोणातून कोण वजा करायचं ते विचारू नकोस,
उणे आलं तरी वर्गात बसवलं की उणेपण जातं.
तू तिथून मोज, मी इथून, उत्तर एकच.
तिकिटाचं तसं नसतं.
ईदच्या आधी मस्कतहून निघणं महाग,
ईद झाली की परतणं.

तिनाचा वर्ग नऊ. चाराचा सोळा.
पंचवीस. मुळाशी पाच.

बरोबर आलं. पण एक सांगतो, वहीत लिहू नकोस:
मेस आमच्या खोलीपासून तीनशे पावलं पूर्वेला,
चारशे उत्तरेला. सूत्र म्हणतं पाचशे.
मध्ये तारेचं कुंपण आहे, फाटक पार कोपऱ्यात.
मी सातशे चालतो. जेवून परत सातशे.
अकरा वर्षं झाली, गुणाकार करत बसत नाही.

काल नवाजने कुंपणाखालची वाळू उकरली,
मांजर जाईल एवढी.
आणि गेलंही ते, आमच्यादेखत,
तिरकं, थेट मेसच्या दाराशी,
तळलेल्या सुरमईच्या वासावर.

त्याला कुठल्या सरांनी शिकवलं असेल?

झोप आता. पेन्सिलीने पाच लिही,
खाली दोन रेघा ओढ.