इतिवृत्त

सभा दहाची, सुरू झाली पावणेअकराला.
नव्या पेठेतला हॉल, खुर्च्या पन्नास, माणसं एकोणीस.
मी लिहून घेते. फार्मासिस्ट संघटनेच्या शाखेची चिटणीस,
अक्षर बरं आहे म्हणून निवडलेली.
आमच्या धंद्यात ही थट्टाच.

विषय क्रमांक तीन : सारख्या नावांची औषधं.
दिल्लीहून पत्र आलंय. राष्ट्रीय कार्यकारिणी यादी करतेय,
शाखांनी दाखले पाठवावेत, पंधरा तारखेच्या आत,
सोबतच्या नमुन्यात.
तांबोळी म्हणाले, यादी पाठवून कंपन्या नावं बदलणार का?
ढमढेरेबाई म्हणाल्या, न पाठवून बदलतील का?
कुणीतरी चहाचं विचारलं.

मग खळदकर उठले.
वय शहात्तर, सभेत कधी बोलत नाहीत,
वर्गणी मात्र एक एप्रिलला, रोख, सुट्ट्या पैशांसकट.

म्हणाले, एक्क्याण्णव साल. वीज गेलेली.
मेणबत्तीवर चिठ्ठी वाचली
आणि पित्ताच्या जागी साखर उतरवणारी गोळी दिली.
एका अक्षराचा फरक.
शटर अर्धं ओढलं तेव्हा दिसलं,
काउंटरवर भलताच खोका उघडा.

चिठ्ठीवर फक्त 'सौ. गुंड'. पत्ता नाही.
बाई बोलता बोलता एवढंच म्हणालेली,
आमच्या दत्तवाडीत पाणी रात्री येतं हो, झोप कुठली.
सायकल काढली.
रात्री साडेअकराला नळानळावर विचारत फिरलो,
गुंड कुठे राहतात?

इथे हॉल हसला. तेही हसले, थोडं उशिरा.

सातव्या नळावर सापडली. कळशी लावून उभी.
जेवलेली नव्हती. पाणी भरून झालं की गोळी घेऊन पडणार होती.
पट्टी बदलून दिली. म्हणालो,
कंपनीचा नवा माल आलाय, जास्त चांगला.

खरं सांगितलं नाही.
ती पुढे एकवीस वर्षं माझ्याकडेच यायची.
साऱ्या वाडीला सांगायची,
रात्रीचं घरी येऊन चांगलं औषध देणारा माणूस.
किती गिऱ्हाइकं लावून दिली तिने.
बसतो.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं?
कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही.
मी लिहिलं, 'श्री. खळदकर यांनी अनुभव सांगितला.'
आणि नमुना भरायला घेतला.
पहिलं नाव. दुसरं नाव. साल.
रुग्णाला इजा झाली का : नाही.
त्याखाली रकाना संपतो.

संध्याकाळी बिबवेवाडीत, माझ्या दुकानात,
एका पोराने मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवला.
तिरका, अंगठ्याची सावली पडलेला.
आजीची आहे, म्हणाला, पटकन द्या ना.
मी फोटो मोठा केला. डॉक्टरांना फोन लावला. लागेना.
परत लावला. लागला.
पोरगं कंटाळून बरण्यांतल्या गोळ्या मोजत होतं.
पट्टी हातात देताना विचारलं, राहतोस कुठे?
वरच्या वस्तीत. का?
काही नाही, म्हटलं.
पाणी कधी येतं रे तुमच्याकडे?