साडेसहा बाय पंचावन्न

दुकान उघडतो तेव्हा तळ्यावर अजून अंधार असतो.
ऑक्टोबर. बर्चची पानं पायरीला चिकटलेली,
आणि आत, लोखंडी कपाटात,
वरून तिसऱ्या फळीवर ती चपटी खोकी.
साडेसहा बाय पंचावन्न.
आगगाडी सुटायची वेळ असावी असं नाव.

चौतीस वर्षांत या फळ्यांवर काय काय आलं!
मॅग्नम, सुपर मॅग्नम, ठेंगणा पण जबर मॅग्नम,
पोस्टरवर बर्फ, गरुड, दाढीवाला पुरुष.
नव्याचे नऊ दिवस.
मग धूळ, मग निम्मी किंमत,
मग कुणीतरी दबकत विचारतं,
अजून बनतात का हो ती?

हे बनतं.
दोन देश एकाच राजाखाली होते
तेव्हा ठरलेलं हे माप.
पुढे वाटण्या झाल्या, भांडीकुंडी वेगळी झाली,
काडतूस दोन्ही घरांत राहिलं.

टोरकेलने थोरली बंदूक नेली होती, माझ्याकडूनच.
अस्वल मागे सरेल, म्हणाला.
पहिल्याच हंगामात खांद्यावर वांगं उगवलं, जांभळं,
आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले त्याचे.
हरीण उभं, हा आतल्या आत लाथ खातोय.
मार्चमध्ये गुपचूप आला.
मी काही बोललो नाही,
तिसऱ्या फळीकडे हात केला.

आणि काल गुनवोर आली.
एलोफ गेला जूनमध्ये, त्याची बंदूक जमा करायला.
दस्ता गालापाशी गुळगुळीत, हातापाशी काळा.
सोबत एक खोकं, वीस घरांचं.
एकोणीस रिकामी पितळं, तोंडाशी काजळलेली,
ज्याच्या त्याच्या घरात परत नीट ठेवलेली,
जेवून उठल्यावर ताटली विसळून ठेवावी तशी.
एक भरलेलं.

झाकणाच्या आत पेन्सिलीने, मुंगीच्या अक्षरात, अकरा वर्षं.
‘नर, साठ पावलं. जागीच.’
‘दुर्बीण तपासली, खडकामागे. ठीक.’
‘मादी. पिल्लू सोबत नाही हे आधी बघितलं.’
‘घाई केली. कुत्री माग काढत होती अंधार पडेपर्यंत.
सापडलं. पुन्हा असं नको.’
आणि मधेमधे: ‘वारा. थांबलो.’
‘मागे रस्ता. थांबलो.’
‘सुंदर होतं. थांबलो.’
या ओळींना आकडा नाही, पितळ नाही.
मोजल्या. एकतीस.

आवाज फार नसायचा हो, गुनवोर म्हणाली.
बंदुकीचा की एलोफचा, मी विचारलं नाही.
स्वयंपाकघरात ऐकू यायचा, टेकडीपलीकडून,
एकदाच.
मग मी बटाटे चढवायची.
दुसरा आला तर शेगडी बारीक करायची.
अकरा वर्षांत दोनदा केली असेन.

तेवढ्यात टिल्डा आली, टपाल वाटणारी,
पहिला परवाना हातात, शाई ओली असल्यासारखा धरलेला.
भाऊ म्हणतो हे लेच्यापेच्यांचं काडतूस. खरं?
मी वडिलांची खातेवही काढली.
तिच्या पणजोबांचं नाव, एक खोकं, सन बावन्न.
पुढचं खोकं एकसष्टला.
असल्या गिऱ्हाइकांवर हे दुकान कसं चाललं कोण जाणे.
तिने बोटाने दोन्ही तारखा चाचपल्या,
मग गुनवोरकडे पाहिलं,
मग एलोफच्या बंदुकीकडे.
खांद्याला लावून बघू?
गुनवोर म्हणाली, बघ की.
दस्त्यावर गाल टेकला तो एलोफच्याच जागी,
जरासा खाली.

झाकण गुनवोरने मागितलं. कापून दिलं.
ते भरलेलं एक विकता येत नाही,
परत करायलाही कुणी नाही.
मधल्या बोटाएवढं, गार,
निजलेल्या मुलाचा हात उचलावा तेवढंच जड.
रात्री कपाटाला कुलूप लावताना
वीस घरांत ते एकटं डुगडुगलं.
मी चिंधी घातली बाजूला.