शेरा

बटणाएवढं यंत्र आहे ते.
दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवतं,
बोलत काही नाही.
गोवंडीला, बैंगनवाडीत, अशी बेचाळीस बटणं मी टांगली
पत्र्याखाली हातभर अंतर सोडून,
आणि बेचाळीस घरांत एकच उत्तर दिलं:
नाही हो, ह्यात कॅमेरा नाही.

कौसरआपाने वेगळंच विचारलं.
"घाम मोजतं का?"
म्हटलं, नाही.
"मग अर्धंच मोजतं,"
आणि मी पडू नये म्हणून
स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मे महिन्यात सांताक्रूझला छत्तीस पूर्णांक चार.
सदतीस झाल्याशिवाय आमच्याकडे लाट येत नाही.
(नियम आहे तसा, आणि केला चांगल्या माणसांनीच,
जुन्या नोंदी चाळून, चष्मे पुसून पुसून.)
बटण क्रमांक एकोणीस, दुपारी तीन दहा:
एक्केचाळीस पूर्णांक आठ.
त्या वेळी आपा कारचोबाच्या चौकटीवर वाकलेली,
कुणाच्या तरी लग्नाच्या ओढणीवर
टिकल्या भरत.

पंखा आहे. चालतोही.
पण वारा लागला की टिकल्या उडतात,
आणि ओळीत एक चुकली तरी
शेठ अख्ख्या ओळीचे पैसे कापतो.
म्हणून अकरा ते पाच पंखा बंद.
बटणाला ह्यातलं काही कळत नाही;
पंखा तापमान उतरवत नाही, घाम वाळवतो.
चालू काय, बंद काय,
एक्केचाळीस पूर्णांक आठ.

प्रश्न चौदा. घरात पंखा आहे का? होय.
चालू स्थितीत? होय.
महिन्याचे युनिट? अडतीस.
टिकल्यांना रकाना नव्हता.
मी शेऱ्यात लिहिलं, बारीक, तिरपं,
शेवटचे दोन शब्द समासात चढले.

"शेऱ्याची सरासरी निघत नाही गं,"
देवस्थळी मॅडम म्हणाल्या.
वाईट बाई नव्हे.
ह्या बटणांसाठी दोन वर्षं
दारोदार पैसे मागत फिरल्या आहेत.

मग अहवाल आला. पान एकसष्ट:
सदर वस्तीत विजेचा वापर अत्यल्प.
अहवालावरून टिपणी:
शीतकरणाची मागणी मर्यादित.
टिपणीवरून मसुदा:
पांढऱ्या छतांच्या योजनेत
मागणीनुसार प्राधान्य देण्यात यावे.
तिन्ही वाक्यं तपासली.
एकही खोटं नाही.
खोटं असतं तर बरं झालं असतं,
कुणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती.

ऑक्टोबरात बटणं काढायला गेले.
एकोणीस नंबरच्या मागच्या चिकटपट्टीला
एक टिकली डकलेली होती, मोरपिशी,
कधीतरी उडून वर गेलेली.
आपा म्हणाली, "बघ, हिचेच पैसे कापले होते."
परत देऊ का विचारलं तर हसली.
"आता काय, लग्न होऊन गेलं त्यांचं."

हरकती आणि सूचना, मुदत तीस दिवस.
एकोणतिसाव्या दिवशी मी आवक खिडकीवर.
"जोडपत्रं किती?"
एक.
"पानं?"
पान नाही. टिकली आहे.
त्याने अर्ज ट्यूबलाइटखाली धरला,
नखाने टिकली निघते का पाहिलं,
निघाली नाही.
मग शिक्का मारला, अर्धा कागदावर, अर्धा तिच्यावर,
तिच्यावर उमटला नाही.

क्रमांक मिळाला आहे. नीट जपून ठेवा म्हणाला.

तेच सांगायला भर दुपारी आपाला फोन केला.
पलीकडून पंख्याची घरघर येत होती
आणि क्षणभर मला बरं वाटलं,
मग लक्षात आलं,
म्हणजे आज काम नाही.